फिरते वॉल माउंट : रचना, निर्मिती आणि भिंतीची परीक्षा

बंगळुरू शहराच्या आग्नेयेस, होसूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. औषधे, यंत्रांचे सुटे भाग, प्लास्टिकच्या वस्तू, विद्युत उपकरणे आणि पत्र्याचे काम करणारे लहानमोठे कारखाने येथे आहेत. १० ऑगस्ट २०२५ रोजी बंगळुरू मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. १९ किलोमीटरहून अधिक लांबीच्या या मार्गिकेचे शेवटचे स्थानक बोम्मसंद्रा येथेच आहे. या परिसरातील पत्राकामाच्या कारखान्यांत जी कापणी, वाकवणी आणि जोडणी रोज चालते, त्याच कामांतून आज घरोघरी दिसणारी एक साधी वस्तू तयार होते. ती म्हणजे दूरचित्रवाणी संच भिंतीवर बसवण्याचे, पुढे-मागे आणि आजूबाजूला फिरणारे वॉल माउंट.

संच विकत घेताना पडद्याचा आकार, चित्राची स्पष्टता आणि किंमत यांची चौकशी केली जाते. संच ज्या लोखंडी सांगाड्यावर टांगला जाणार त्याची चौकशी क्वचितच होते आणि तो सांगाडा ज्या भिंतीत रोवला जाणार तिची तर जवळजवळ होतच नाही. प्रत्यक्षात सर्व भार अखेरीस भिंतीवर जातो. त्यामुळे वॉल माउंटची निवड ही भिंतीच्या परीक्षेपासून सुरू व्हायला हवी.

वॉल माउंट म्हणजे काय?

वॉल माउंटचे ढोबळमानाने तीन भाग असतात. पहिला भाग भिंतीला घट्ट बसणारी पट्टी किंवा पाटी. दुसरा भाग संचाच्या पाठीमागे स्क्रूने जोडली जाणारी चौकट. तिसरा भाग या दोहोंना जोडणारा दुवा. हा दुवा साधा आकडा असेल तर माउंट स्थिर राहते. त्यात बिजागरी असेल तर पडदा खाली किंवा वर झुकवता येतो. दुव्याच्या जागी एक किंवा दोन बाहू असतील आणि त्यांना सांधे असतील, तर संच भिंतीपासून बाहेर ओढता येतो व डावी-उजवीकडे वळवता येतो. बोलीभाषेत यालाच 'टीव्हीचा स्टँड' किंवा 'ब्रॅकेट' म्हणतात.

खुंटीपासून ब्रॅकेटपर्यंत

भिंतीचा उपयोग सामान ठेवण्यासाठी करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. जुन्या मराठी घरांत भिंतीतच कोनाडा आणि फडताळ असे. कपड्यांसाठी खुंट्या आणि डब्यांसाठी फळ्या असत. मात्र खुंटी आणि कोनाडा भिंत बांधतानाच योजले जात. तयार भिंतीला नंतर भोक पाडून जड वस्तू अडकवण्याचा प्रश्न तेव्हा फारसा येत नसे.

दूरचित्रवाणी संच घरात आला, तेव्हाही तो भिंतीवर गेला नाही. मुंबई दूरदर्शन केंद्राची सुरुवात २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाली, तर बंगळुरूचे केंद्र १९८१ मध्ये सुरू झाले. त्या काळचे संच काचेच्या चित्रनलिकेचे होते. बंगळुरू येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उपक्रमाने कृष्णधवल संचांच्या चित्रनलिका तयार केल्या, तर याच उपक्रमाचा तळोजा येथील कारखाना अशा नलिकांच्या काचेशी संबंधित होता. चित्रनलिका जितकी रुंद, तितकी ती खोल असे. २९ इंची संचाचे वजन ४० किलोंच्या घरात जाई. अशा संचासाठी लाकडी कपाट, शोकेस किंवा चाकांची ट्रॉली हीच योग्य जागा होती. रुग्णालये, उपाहारगृहे आणि बसस्थानके येथे मात्र संच उंचावर दिसावा म्हणून जाड लोखंडी पिंजरे भिंतीत बसवले जात.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ४२ इंची प्लाझ्मा पडदे बाजारात आले आणि पुढील दशकात द्रव-स्फटिक पडद्यांचे संच स्वस्त होत गेले. संचाची खोली काही सेंटिमीटरवर आली आणि वजन एकदम उतरले. आज ३२ इंची संच साधारणतः चार ते सहा किलोंचा असतो, तर ५५ इंची संच १२ ते २० किलोंचा. संच हलका आणि चपटा झाल्यामुळे तो भिंतीवर चढला, आणि त्याबरोबरच वॉल माउंट ही घरगुती गरज बनली.

चार भोकांचे मोजमाप

कोणत्याही कंपनीचा संच कोणत्याही कंपनीच्या माउंटवर बसू शकतो, याचे श्रेय एका मानकाला जाते. व्हेसा ही पडदे आणि त्यांच्या जोडण्यांची मानके ठरवणारी संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली. संचाच्या पाठीमागील चार भोकांमधील आडवे व उभे अंतर किती असावे, हे तिच्या मानकाने ठरवून दिले आहे. संगणकाच्या पडद्यांसाठी ७५ बाय ७५ आणि १०० बाय १०० मिलिमीटर ही मोजमापे रूढ आहेत. त्यांपैकी पहिले मोजमाप आठ किलोंपर्यंतच्या आणि दुसरे १४ किलोंपर्यंतच्या पडद्यांसाठी आहे व दोन्हींत एम-४ जातीचे, म्हणजे चार मिलिमीटर व्यासाचे स्क्रू वापरले जातात. मोठ्या संचांसाठी २०० बाय २००, ४०० बाय ४०० अशी वाढती मोजमापे असून त्यांना एम-६ किंवा एम-८ जातीचे स्क्रू लागतात.

हे मानक संच आणि माउंट यांच्यातील जोडणीपुरते आहे. माउंट आणि भिंत यांच्यातील जोडणीबाबत ते काहीही सांगत नाही. 'आमचे माउंट ५० किलो पेलते' असे वेष्टनावर छापलेले असते, तेव्हा ते विधान लोखंडी सांगाड्यापुरते असते. भिंत किती पेलेल, हे उत्पादकाला ठाऊक नसते.

बाहूचे गणित

फिरत्या माउंटचा मोह मोठा आहे. बैठकीच्या खोलीतील संच स्वयंपाकघराकडे वळवता येतो, खिडकीचा उजेड पडद्यावर पडत असेल तर कोन बदलता येतो. मात्र या सोयीची किंमत भिंत मोजते.

एक उदाहरण घेऊ. संच १५ किलोंचा आहे. भिंतीवरील पाटीला वर दोन आणि खाली दोन स्क्रू आहेत व वरच्या आणि खालच्या ओळीत २० सेंटिमीटर अंतर आहे. संच भिंतीला लागून, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटरवर असेल, तेव्हा वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर खेचणारा जोर १५ गुणिले ५ भागिले २०, म्हणजे पावणेचार किलोंच्या वजनाइतका असतो. हाच संच बाहू ताणून ५० सेंटिमीटर बाहेर काढला, तर तोच जोर साडेसदतीस किलोंच्या वजनाइतका होतो. संच तोच आणि स्क्रूही तेच, पण खेच दहापट वाढते. बाहेर काढलेल्या संचाला १२ किलोंचे मूल लोंबकळले, तर ही खेच ६७ किलोंच्या पुढे जाते.

हा हिशेब ढोबळ आहे. बाहूचे स्वतःचे वजन, तो हलवताना बसणारे हिसके आणि स्क्रूंवर असमान वाटला जाणारा भार यांमुळे प्रत्यक्षातील ताण आणखी वाढतो. म्हणूनच चांगले उत्पादक आपल्या मालाची चाचणी छापील क्षमतेच्या अनेक पट वजन टांगून घेतात. भिंतीवरील जोडणीतही तशीच भरपूर शिल्लक असली पाहिजे.

हाताच्या हलक्या स्पर्शाने वरखाली होणाऱ्या बाहूंचे तत्त्व थोडे निराळे आहे. ब्रिटिश अभियंता जॉर्ज कारवर्डाइन यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी स्प्रिंगच्या ताणाने वजन तोलून धरणारा दिव्याचा बाहू तयार केला. कोणत्याही स्थितीत ठेवला तरी तो तेथेच थांबत असे. आज संगणकाच्या पडद्यांच्या बाहूंत स्प्रिंग किंवा वायूने भरलेली नळी हेच काम करते. तीमुळे हाताला वजन जाणवत नाही. मात्र भिंतीवरील किंवा मेजावरील भार तिळमात्र कमी होत नाही.

कारखान्यातील वाटचाल

वॉल माउंट हे मुख्यतः पत्राकामातील उत्पादन आहे. कच्चा माल म्हणजे थंड स्थितीत लाटलेला पोलादी पत्रा. पट्टीसाठी साधारणतः दीड ते तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा वापरला जातो. मोठ्या संख्येने माल काढायचा असेल तर प्रेस यंत्रावर साच्याने तुकडे व भोके पाडली जातात. संख्या कमी असेल किंवा रचना वारंवार बदलत असेल तर लेझरने कापणी केली जाते. त्यानंतर वाकवणीच्या यंत्रावर कडा दुमडल्या जातात. सपाट पत्रा सहज वाकतो, पण कडा दुमडलेला तोच पत्रा कितीतरी ताठ होतो. माउंटची ताकद पत्र्याच्या जाडीइतकीच या दुमडीवर अवलंबून असते.

पुढची पायरी वेल्डिंगची. बाहू आणि पाटी जोडणारा सांधा हा सर्वांत ताण सोसणारा भाग असल्याने येथील वेल्डिंग सलग आणि खोलवर भिनलेले असावे लागते. मग सुटे भाग रासायनिक द्रावणात धुऊन तेल व गंज काढला जातो, त्यांवर फॉस्फेटचा पातळ थर दिला जातो आणि विद्युतभारित रंगाची भुकटी फवारली जाते. सुमारे १८० ते २०० अंश सेल्सियस तापमानाच्या भट्टीत ही भुकटी वितळून पक्का लेप तयार होतो. कोकण, गोवा आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत हा लेपच लोखंडाचे रक्षण करतो. लेपाखालची धुलाई नीट झाली नसेल तर एकदोन पावसाळ्यांतच रंग पापुद्र्यासारखा सुटू लागतो.

शेवटी सांध्यांत नायलॉनच्या चकत्या, बोल्ट आणि सैल न होणाऱ्या नटा बसवल्या जातात. सांधा फार सैल असेल तर संच आपोआप फिरतो, फार घट्ट असेल तर फिरवताना सारा जोर भिंतीतील स्क्रूंवर येतो.

भिंत ओळखावी कशी?

बंगळुरूमध्ये सिमेंटच्या भरीव आणि पोकळ ठोकळ्यांचे बांधकाम सर्रास आढळते. शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान विकसित करणारे 'अस्त्र' हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले आणि तेथील संशोधनातून दाबून तयार केलेल्या स्थिरीकृत मातीच्या विटांचा प्रसार झाला. अशा विटांची घरेही या शहरात आहेत. महाराष्ट्रातील भिंतींची विविधता याहून मोठी आहे. भिंतीवर बोटाने टकटक केल्यास पोकळ आणि भरीव यांतील फरक बहुधा कळतो. लहानसे भोक पाडल्यावर बाहेर पडणारी भुकटी त्याहून खात्रीचे उत्तर देते.

भाजलेल्या विटेची भिंत : भुकटी लाल येते. भोक विटेच्या मध्यभागी पाडावे, दोन विटांमधील सांध्यात नव्हे. वरचा गिलावा कोणताही भार घेत नाही. म्हणून स्क्रूची लांबी मोजताना गिलाव्याची जाडी वगळावी.

काँक्रीटची भिंत : भुकटी करडी येते व ड्रिल हळू आत जाते. मुंबई-पुण्याच्या अनेक नव्या इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. कामगार त्यांना 'मिवान' म्हणतात. येथे धातूचे अँकर फास्टनर उत्तम बसतात. ड्रिलला सळई लागल्यास जागा थोडी बदलावी.

पोकळ ठोकळ्याची भिंत : ड्रिल काही सेंटिमीटर गेल्यावर एकदम मोकळे पडते. साधा प्लग येथे पोकळीत लटकत राहतो. पोकळीत उघडणारे किंवा जाळीच्या नळीत रसायन भरून बसवायचे अँकर वापरावे लागतात.

हलक्या एएसी ठोकळ्याची भिंत : भुकटी पांढुरकी व मऊ असते. या ठोकळ्यांची घनता घनमीटरला साधारणतः ५५० ते ६५० किलो असते, म्हणजे विटेच्या एकतृतीयांशाच्या आसपास. इमारतीचे वजन कमी करण्यासाठी ते उपयुक्त आहेत, पण साध्या प्लगला त्यांत पकड मिळत नाही. ड्रिलची ठोका देणारी क्रिया बंद ठेवावी आणि या ठोकळ्यांसाठीच बनवलेले लांब नायलॉन प्लग वापरावेत. जड संच आणि लांब बाहू असल्यास बोल्ट भिंतीतून आरपार नेऊन मागील बाजूस पोलादी पट्टी लावणे हाच भरवशाचा उपाय होय.

जांभा आणि जुनी दगडी भिंत : कोकणातील जांभा सच्छिद्र असतो व त्याची मजबुती चिऱ्यागणिक बदलते. रसायन भरलेले अँकर येथे अधिक विश्वासार्ह ठरतात. काळ्या दगडाच्या भिंतीत दगड मजबूत असतो, पण सांध्यातील जुना चुना ठिसूळ झालेला असतो.

मातीची भिंत किंवा जिप्समचे पार्टिशन : मातीच्या भिंतीवर फिरते माउंट बसवू नये, जमिनीवर उभा राहणारा स्टँड वापरावा. जिप्समच्या पार्टिशनमागे धातूच्या उभ्या पट्ट्या असतात. त्या शोधून त्यांतच स्क्रू घालावेत किंवा आधी जाड प्लायवुड बसवून घ्यावे.

लहानसा प्लग, मोठे काम

भिंतीत स्क्रू घट्ट बसावा म्हणून वापरला जाणारा प्लग हा शोध शंभर वर्षांहून थोडा जुना आहे. पूर्वी भिंतीत मोठे भोक पाडून त्यात लाकडी गुटका ठोकत. १९१० च्या सुमारास लंडनमधील कंत्राटदार जॉन रॉलिंग्ज यांना ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींची फारशी नासधूस न करता विजेची उपकरणे बसवायची होती. त्यांनी तागाच्या तंतूंची नळी वापरली. स्क्रू आत जाताच नळी फुगून भोकाच्या कडांवर दाबली जाई. आपल्याकडील कारागीर आजही जो 'रावल प्लग' म्हणतात, त्या शब्दाचे मूळ या आडनावात आहे. पुढे १९५८ मध्ये जर्मनीतील संशोधक आर्टुर फिशर यांनी नायलॉनचा फुगणारा प्लग तयार केला आणि आजचे बहुतेक प्लग त्याच धर्तीचे आहेत.

प्लगची पकड घर्षणावर अवलंबून असते. भोक एक मिलिमीटरने मोठे झाले किंवा आत भुकटी राहिली, तर ही पकड कितीतरी कमी होते. प्लग सैल बसल्यावर त्यात आगपेटीच्या काड्या कोंबण्याची पद्धत धोकादायक आहे. त्याऐवजी मोठ्या मापाचा प्लग घ्यावा किंवा जागा बदलावी.

उंची, जागा आणि तारा

संच किती उंचीवर असावा, याचे उत्तर बसण्याच्या सवयीवर अवलंबून आहे. खुर्चीवर बसलेल्या प्रौढ व्यक्तीचे डोळे जमिनीपासून सुमारे ११० सेंटिमीटरवर असतात, तर जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्याचे पाऊण मीटरच्या आसपास. पडद्याचा मध्य या दोहोंच्या दरम्यान राहिल्यास मानेला त्रास होत नाही. अडचणीमुळे संच उंच लावावा लागला, तर खाली झुकणारे माउंट घ्यावे.

विजेच्या तारा बहुधा बटणांच्या पाटीपासून सरळ वर किंवा आडव्या गेलेल्या असतात. त्या रेषेत भोक पाडू नये. काम सुरू करण्यापूर्वी त्या भागाचा वीजपुरवठा बंद करावा. भिंतीवरील पाटी समपातळीत आहे की नाही, हे पाणसळ लावून पाहावे. छताच्या किंवा कपाटाच्या कडेवर विसंबू नये. फिरत्या माउंटवर तारा बाहू पूर्ण ताणला तरी सैल राहतील इतक्या लांब ठेवाव्यात.

इतर घरगुती वस्तू

दूरचित्रवाणी संचाला लागू असलेले तत्त्व भिंतीवरील इतर वस्तूंनाही लागू आहे. भिंतीवरचा पंखा वजनाने हलका असतो, पण त्याची थरथर प्लग हळूहळू सैल करते. मायक्रोवेव्ह भट्टीचे ब्रॅकेट दार उघडताना पुढे ओढले जाते. जलशुद्धीकरण यंत्राचे आणि पाणी तापवण्याच्या गीझरचे वजन रिकाम्या अवस्थेत पाहून चालत नाही. २५ लिटरच्या गीझरमध्ये केवळ पाणीच २५ किलोंचे असते. ध्वनिवर्धक, प्रोजेक्टर आणि घडी होणारे मेज यांसाठीही फिरती ब्रॅकेट मिळतात. त्यांतही भिंतीपासूनचे अंतर जितके अधिक, तितकी खेच अधिक, हे सूत्र बदलत नाही.

भाड्याचे घर

बोम्मसंद्रा, चाकण, तळोजा किंवा वाळूज अशा औद्योगिक पट्ट्यांत येणारा नवा कामगार बहुधा भाड्याच्या खोलीत राहतो. भिंतीला भोके पाडण्यास घरमालकाची परवानगी नसते किंवा घर सोडताना अनामत रकमेतून दुरुस्तीचा खर्च कापला जातो. अशा वेळी आधीच्या भाडेकरूने सोडलेल्या भोकांतच नवे स्क्रू बसवले जातात. वापरलेले भोक आतून रुंदावलेले असते आणि नव्या प्लगला तेथे पकड मिळत नाही. हा मार्ग टाळावा. मालकाची लेखी संमती घ्यावी, अन्यथा रुंद पायाचा स्टँड हाच सुरक्षित पर्याय होय.

मुलांची सुरक्षितता

संच भिंतीवर घट्ट बसवण्याचा सर्वांत मोठा लाभ लहान मुलांना होतो. कपाटावर नुसता ठेवलेला चपटा संच ओढल्यास सहज पुढे कलंडतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने याच कारणास्तव २०१५ मध्ये संच आणि फर्निचर भिंतीला बांधून ठेवण्याविषयी 'अँकर इट' ही जनजागृती मोहीम सुरू केली. मात्र चुकीच्या भिंतीवर बसवलेले फिरते माउंट हाच धोका उंचीवर नेऊन ठेवते. घरात लहान मूल असल्यास वापर झाल्यावर बाहू दुमडून संच भिंतीला लागून ठेवावा. संचाखाली मूल चढू शकेल असे स्टूल, खाट किंवा खण ठेवू नयेत. दर सहा महिन्यांनी संच हाताने किंचित हलवून पाहावा. पाटीभोवती गिलाव्याला तडा दिसल्यास, भुकटी पडत असल्यास किंवा पाटी व भिंत यांत फट दिसल्यास संच तत्काळ उतरवावा.

खरेदी करताना

संचाच्या पाठीमागील भोकांचे अंतर आणि संचाचे वजन आधी लिहून घ्यावे. माउंटची छापील क्षमता संचाच्या वजनाच्या किमान दुप्पट असावी. वेष्टनात आलेले प्लग बहुधा वीट किंवा काँक्रीटसाठीच असतात. भिंत निराळी असेल तर योग्य प्लग वेगळे विकत घ्यावेत. वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत असणे कायद्याने आवश्यक आहे. बसवणाऱ्या कारागिराला भिंत कशाची आहे हे विचारावे. त्याने उत्तर देण्यापूर्वी भोकाची भुकटी पाहिली, तर तो जाणकार आहे असे समजावे. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते.

कारखान्यातून बाहेर पडणारा लोखंडी बाहू सर्वत्र सारखाच असतो, भिंत मात्र प्रत्येक घराची वेगळी असते. संच बसवण्यापूर्वी तिची दहा मिनिटे पारख केल्यास पुढील अनेक वर्षांची काळजी मिटते.